नवजात बाळाचा मेंदू बोलण्यातले आवाज कसे ओळखतो?

जन्मून दोन दिवस झालेल्या बाळाला एकाही शब्दाचा अर्थ कळत नाही. 'आई', 'दूध', 'पाय' असे अगदी जवळचे शब्द ओळखीचे व्हायलाही निदान सहा महिने जावे लागतात. तरीही याच बाळाला जवळजवळची दोन अक्षरे वेगवेगळी ऐकू येतात. आईचा आवाज अनोळखी बाईच्या आवाजापेक्षा वेगळा लागतो. घरात बोलली जाणारी भाषा कोणती आणि परकी कोणती, हेही त्याला बऱ्याचदा कळते. यातल्या काही गोष्टी तर बाळ झोपलेले असतानाही चालू असतात.

बाळ काही बोलून सांगू शकत नाही, बोट दाखवू शकत नाही, मानही धरत नाही. मग हे कळले कसे? गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत संशोधकांनी त्यासाठी ज्या युक्त्या काढल्या, त्या निष्कर्षांइतक्याच पाहण्यासारख्या आहेत.

ऐकणे पोटातच सुरू होते

गर्भाचा कान बराच लवकर घडतो. गर्भारपणाच्या साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून मोठ्या आवाजाला गर्भ प्रतिसाद देऊ लागतो. म्हणजे पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या गाठीशी ऐकण्याचा दोन-तीन महिन्यांचा अनुभव आधीच असतो.

पण ते ऐकणे आपल्यासारखे नसते. आईचे पोट आणि गर्भजल यांतून जाड, खालच्या पट्टीतले आवाज चांगले पोचतात आणि बारीक, वरच्या पट्टीतले आवाज अडतात. चाळीत शेजारच्या खोलीतले बोलणे भिंतीपलीकडून ऐकू येते, तसेच काहीसे. शब्द कळत नाहीत, पण बोलणारा बाई की पुरुष, प्रश्न विचारतोय की रागावलाय, सूर चढतोय की उतरतोय, हे कळते. व्यंजनांचे बारकावे गळून जातात आणि बोलण्याची चाल तेवढी उरते.

यात आईचा आवाज सगळ्यांत ठळक असतो, कारण तो बाहेरून हवेतून येतो तसा आतून तिच्या शरीरातूनही येतो. १९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या दहा बाळांवर एक प्रयोग केला. बाळाच्या तोंडात दूध नसलेली चोखणी दिली. चोखताना बाळ मध्ये मध्ये थांबते. त्या थांबण्याची लांबी एका प्रकारची झाली की आईचा आवाज वाजायचा, दुसऱ्या प्रकारची झाली की दुसऱ्या बाईचा. दहापैकी आठ बाळांनी आईचा आवाज वाजेल अशा बेताने चोखणे बदलले. वडिलांच्या आवाजावर असाच प्रयोग पुढे झाला. बाळांना दोन पुरुषांचे आवाज वेगळे कळत होते, पण वडिलांच्या आवाजाची खास ओढ दिसली नाही. वडिलांनी त्यावरून हिरमुसण्याचे कारण नाही; पोटातून त्यांचा आवाज फारसा ऐकू आलेलाच नसतो.

१९८६ साली डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गर्भवती स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे रोज लहान मुलांची एक ठरावीक गोष्ट मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर बाळांनी तीच गोष्ट ऐकणे पसंत केले, ती दुसऱ्या बाईने वाचली तरीसुद्धा. म्हणजे आठवणीत फक्त आवाजाचा पोत नव्हता, त्या गोष्टीचा ठेकाही होता.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की गर्भसंस्कार आणि चक्रव्यूह ऐकणारा अभिमन्यू यांची आठवण निघतेच. संशोधन जे सांगते ते त्याहून साधे आहे. गर्भाला आवाजाची पट्टी, लय आणि चाल ओळखीची होते. अर्थ पोचत नाही, श्लोकाचाही नाही आणि वर्तमानपत्राचाही नाही. आई दिवसभर घरात, कामावर, फोनवर जे बोलते तेच बाळाला पुरेसे ऐकू येते. पोटाला हेडफोन लावून मोठ्याने काही ऐकवण्याची गरज या प्रयोगांतून कुठेही दिसत नाही.

चोखणीने दिलेले उत्तर

या विषयाची खरी सुरुवात १९७१ सालची मानतात. अमेरिकेतल्या पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महिना आणि चार महिने वयाच्या बाळांना 'बा' आणि 'पा' ऐकवले. युक्ती अशी: चोखणीला दाब मोजणारे यंत्र जोडलेले. बाळ जोरात चोखले की आवाज वाजतो. बाळाला हा खेळ लवकरच कळतो आणि ते भराभर चोखू लागते. काही मिनिटे 'बा, बा, बा' ऐकून कंटाळा येतो आणि चोखणे मंदावते. त्या क्षणी आवाज बदलायचा. चोखणे पुन्हा वाढले, तर बाळाला बदल कळला. नाही वाढले, तर त्याच्या लेखी आवाज तोच राहिला.

इथे 'बा' आणि 'पा' यांत फरक काय असतो ते पाहावे लागेल. दोन्हींत ओठ मिटून उघडतात. फरक असतो वेळेचा. ओठ उघडल्यानंतर किती वेळाने घशातल्या स्वरतंतूंचे कंपन सुरू होते, यावर ऐकणाऱ्याला काय वाटते ते ठरते. इंग्रजीत हा वेळ सेकंदाच्या साधारण पंचवीस सहस्रांशांहून कमी असेल तर 'बा' ऐकू येतो, जास्त असेल तर 'पा'. मध्ये कुठेही 'थोडा बा, थोडा पा' असे ऐकू येत नाही. वेळ हळूहळू वाढवत नेला तरी कानाला एका टप्प्यावर एकदम उडी जाणवते.

आयमस यांनी यंत्राने असे आवाज तयार केले ज्यांत हा फरक प्रत्येक वेळी वीस सहस्रांश सेकंदांचाच होता. २० वरून ४० वर गेले की सीमा ओलांडली जाते. ६० वरून ८० वर गेले की दोन्ही आवाज 'पा' च राहतात. बाळांचे चोखणे पहिल्या बदलाला स्पष्टपणे वाढले, दुसऱ्याला नाही. फरक तेवढाच, पण बाळाला तो सीमेवरच जाणवला. आयुष्यात एकही अक्षर न उच्चारलेल्या बाळाच्या डोक्यात अक्षरांचे कप्पे आधीपासून होते.

मराठी वाचकासाठी यात एक गंमत आहे. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा 'पी' हा आपल्या प सारखा नसतो. तो हवेच्या झोतासकट, ओठ मिटून म्हटलेल्या फ च्या जवळ जातो. आणि इंग्रजी 'बी' पुष्कळदा आपल्या प च्या जवळ असतो. मराठीत खरा ब म्हणताना स्वरतंतूंचे कंपन ओठ उघडण्याच्या आधीच सुरू होते. म्हणून आयमस यांची सीमा आपल्या हिशोबाने ब-प ची नसून प-फ ची जास्त वाटते. लेह लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ साली अकरा भाषांमधले हे वेळेचे अंतर मोजले, त्या अकरांत मराठी आणि हिंदीही होत्या. ब, प आणि फ या वेळेवरून नीट वेगळे निघाले. पण भ ने पंचाईत केली. ब आणि भ दोन्हींत कंपन आधीच सुरू होते, त्यामुळे एवढ्या एका मापाने ते वेगळे करता आले नाहीत. जगातल्या अनेक भाषांना दोन कप्पे पुरतात. मराठी बाळाला मात्र ओठांच्या या एका जागेवर चार कप्पे लावायचे असतात.

ही फक्त माणसाची करामत आहे का?

१९७१ नंतर काही काळ बऱ्याच जणांना वाटले, की माणसाच्या मेंदूत भाषेसाठी जन्मजात खास यंत्रणा आहे याचा हा पुरावाच. मग १९७५ साली पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी हाच प्रकार चिंचिला या उंदरासारख्या प्राण्यावर करून पाहिला. 'टा' आणि 'डा' या आवाजांमधली सीमा चिंचिलालाही जवळपास तिथेच जाणवली जिथे इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला जाणवते.

चिंचिला कोणतीही भाषा बोलत नाही आणि शिकणारही नाही. मग हे कप्पे मुळात भाषेसाठी बनलेले नसावेत. सस्तन प्राण्यांच्या कानाची आणि ऐकण्याच्या मार्गाची जी घडण आहे, तिला काही फरक सहज जाणवतात आणि काही जाणवत नाहीत. माणसांच्या भाषांनी जे फरक सहज ऐकू येतात तेच बहुधा उचलले. उलट बाजूने पाहिले तर यात बाळाचे कौतुक कमी होत नाही. चिंचिला तिथेच थांबतो; बाळ त्या कच्च्या मालातून वर्षभरात एक भाषा उभी करायला घेते.

डोक्याच्या आत काय होते

आवाज कानात शिरला की आतल्या कानातला शंखाच्या आकाराचा भाग, म्हणजे कॉक्लिआ, त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. हे संकेत मेंदूच्या देठातून वर चढत दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागात पोचतात. नवजात बाळात हा रस्ता पूर्ण बांधलेला असतो, पण डांबर पडायचे असते म्हणा ना. मज्जातंतूंवर मायलिन नावाचे जे स्निग्ध आवरण चढते, ते जन्माच्या वेळी अपुरे असते. त्यामुळे संकेत मोठ्या माणसापेक्षा हळू जातात.

हे पाहण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिली ईईजी: डोक्यावर जाळीदार टोपी घालून विजेचे बारीक चढउतार टिपायचे. फिनलंडच्या रिस्तो नातानेन यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की एकच आवाज सारखा वाजत असताना मध्येच वेगळा आवाज आला तर मेंदूच्या आलेखात एक खास वळण उमटते, लक्ष दिले नसले तरी. बाळांसाठी ही पद्धत सोयीची ठरली, कारण बाळ झोपलेले असले तरी चालते. २००२ साली फिनलंडमध्येच असे दिसले, की झोपलेल्या नवजात बाळांना रात्रभर दोन जवळजवळचे स्वर ऐकवले तर सकाळपर्यंत त्यांच्या मेंदूला ते जास्त नीट वेगळे करता येतात. मोठ्या माणसांना झोपेत भाषा शिकवण्याच्या जाहिराती यावरून करू नयेत. नवजात बाळाची झोप वेगळीच असते, आणि दिवसाचा बहुतेक वेळ ते झोपेतच असते.

दुसरी पद्धत प्रकाशाची. जवळचा अवरक्त प्रकाश बाळाच्या पातळ कवटीतून आत जातो आणि मेंदूच्या कोणत्या भागात प्राणवायू भरलेले रक्त जास्त धावते आहे ते सांगतो. आवाज नाही, त्रास नाही, आईच्या मांडीवरही करता येते. तिसरी एमआरआय. ती सगळ्यांत नेमकी चित्रे देते, पण यंत्र भयंकर आवाज करते आणि बाळाने हलायचे नसते. पालकांना विचारले तर ते सांगतील की दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे.

२००२ साली पॅरिसमध्ये गिलेन दहान-लांबेर्त्झ यांनी तीन महिन्यांच्या बाळांना एमआरआयमध्ये दोन प्रकारचे ध्वनिमुद्रण ऐकवले: सरळ बोलणे, आणि तेच बोलणे उलटे वाजवलेले. उलट्या ध्वनिमुद्रणात पट्ट्या त्याच, मोठेपणा तोच, पण माणसाच्या तोंडातून तसा आवाज निघूच शकत नाही. मोठ्या माणसांत भाषेची कामे बहुतांशी मेंदूच्या डाव्या बाजूला चालतात. बाळांतही बोलण्याला डाव्या बाजूचे भाग जास्त प्रतिसाद देताना दिसले. पुढच्याच वर्षी मार्सेला पेन्या आणि सहकाऱ्यांनी इटलीत दोन ते पाच दिवसांच्या बाळांवर प्रकाशाच्या पद्धतीने असेच पाहिले. सरळ बोलण्याला डावी बाजू उलट्या बोलण्यापेक्षा अधिक जागी झाली.

सगळ्या अभ्यासांत मात्र डावी बाजू इतकी स्पष्ट दिसत नाही. काहींत दोन्ही बाजू सारख्या दिसतात, सूर आणि चाल यांना उजवी बाजू पुढे असते. २०११ साली दोन दिवसांच्या बाळांच्या मेंदूतले जोडरस्ते तपासले गेले, तेव्हा ऐकण्याच्या भागापासून पुढच्या भागाकडे जाणारा खालचा रस्ता तयार सापडला. कपाळाच्या डाव्या बाजूला आत ब्रोका नावाचा भाग असतो, वाक्यरचनेसाठी महत्त्वाचा. वरच्या बाजूने त्याच्याकडे जाणारा रस्ता मात्र अजून झालेला नव्हता. तो पुढे अनेक वर्षे घडत राहतो.

आणखी मागे जाता येते का? फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ साली दोन-तीन महिने आधी जन्मलेल्या बाळांवर प्रयोग केला. २८ ते ३२ आठवड्यांची ही बाळे, म्हणजे खरे तर अजून पोटातच असायची. त्यांच्या मेंदूत पेशी आपापल्या जागी पोचून थर लागण्याचे कामही पुरे झालेले नसते. तरी 'बा' च्या जागी 'गा' आला किंवा पुरुषाच्या जागी बाईचा आवाज आला, हे त्या मेंदूने टिपले. एवढ्या कोवळ्या वयात बाहेरच्या भाषेकडून फारसे काही शिकून झालेले नसते, म्हणून हा निष्कर्ष जन्मजात घडणीच्या बाजूने मोठा मानला जातो.

नमुने ओळखण्याची हौसही जन्मापासूनच असते. ज्युडिट जरवेन यांच्या २००८ मधल्या प्रयोगात नवजात बाळांना 'मुबाबा' सारखे, शेवटची दोन अक्षरे सारखी असलेले निरर्थक शब्द आणि 'मुबागे' सारखे, तिन्ही अक्षरे वेगळी असलेले शब्द ऐकवले. पुनरुक्ती असलेल्या शब्दांना मेंदूने जास्त प्रतिसाद दिला. बाबा, मामा, काका, दादा, नाना ही आपली नाती बाळाच्या कानाला सोपी का असावीत, याचा एक धागा इथे सापडतो.

भाषा ओळखायची ती तालावरून

नवजात बाळ भाषा ओळखते ते शब्दांवरून नव्हे. १९८८ साली जाक मेलेर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की चार दिवसांच्या फ्रेंच बाळांना फ्रेंच आणि रशियन वेगळ्या लागतात. दहा वर्षांनी कळले की फ्रेंच बाळांना अगदी परक्या इंग्रजी आणि जपानी भाषाही एकमेकींपासून वेगळ्या लागतात, पण इंग्रजी आणि डच मात्र नाहीत. इंग्रजी-डच यांचा ताल एका घराण्यातला आहे, जपानीचा निराळा. बाळ ताल ऐकते. अर्थात इथेही एक माकड आडवे आले: टॅमरिन जातीच्या छोट्या माकडांनाही डच आणि जपानी वेगळ्या करता आल्या, आणि माणसाच्या बाळाप्रमाणेच, उलट्या वाजवल्यावर करता आल्या नाहीत.

काथलीन वर्मके यांच्या गटाने २००९ साली ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचे रडणे तपासले. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा आणि जर्मन बाळांचा उतरत जाणारा जास्त आढळला, त्या त्या भाषेच्या चालीशी जुळणारा. यावर मतभेद आहेत, कारण रडणे पुष्कळ गोष्टींनी बदलते. पण पोटात ऐकलेली चाल बाळ लक्षात ठेवते हे इतर प्रयोगांशी जुळणारेच आहे.

त, ट आणि परका कान

आता या विषयातला सगळ्यांत प्रसिद्ध प्रयोग, आणि तो आपल्याच अक्षरांवर झालेला आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले त आणि ट निवडले. त म्हणताना जीभ दातांना लागते, ट म्हणताना टोक मागे वळून टाळूला. इंग्रजीचा 'टी' या दोहोंच्या मध्ये, हिरड्यांपाशी. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना त आणि ट ऐकवले तर बहुतेकांना ते एकच वाटतात. (आपण मात्र त्यांचा 'टी' ऐकून तो थेट ट च्या कप्प्यात टाकतो. म्हणूनच टेबल, टिकीट आणि डॉक्टर.)

बाळाला आईच्या मांडीवर बसवायचे. एकच अक्षर सारखे वाजत राहते. अक्षर बदलले आणि बाळाने मान वळवली, की बाजूच्या पेटीत दिवा लागून खेळणे नाचते. बाळ हे पटकन शिकते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे त-ट चा फरक ओळखत होती. आठ ते दहा महिन्यांत ती संख्या घटली. दहा ते बारा महिन्यांची जवळजवळ कोणीच ओळखेना. हिंदी घरातल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र तो फरक नीट कळत होता. कॅनडातल्या एका आदिवासी भाषेतल्या व्यंजनांवरही हाच प्रकार दिसला.

जगातली सगळी बाळे सुरुवातीला सगळ्या भाषांचे नागरिक असतात आणि वर्षभरात एका भाषेचे होतात, असे यावरून सांगितले जाते. वाक्य छान आहे, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, नवजात बाळाला प्रत्येक फरक ऐकू येतोच असे नाही. काही बारीक फरक सवयीनेच कळू लागतात. दुसरे, 'न वापरलेली क्षमता मरते' हे खरे नाही. प्रौढ इंग्रजी भाषकांना योग्य पद्धतीने, आवाजांमध्ये फार अंतर न ठेवता ऐकवले तर त-ट चा फरक थोडाफार पकडता येतो. कॅथरीन बेस्ट यांनी १९८८ साली आफ्रिकेतल्या झुलू भाषेतले जिभेचे टिचके ऐकवले, तर इंग्रजी भाषक प्रौढ आणि वर्षाहून मोठी बाळे दोघांनाही ते वेगवेगळे ओळखता आले. इंग्रजीत त्यांच्याशी स्पर्धा करणारा कोणताच कप्पा नव्हता. जे हरवते ते ऐकणे नव्हे. मेंदू आपल्या भाषेच्या कप्प्यांप्रमाणे आवाज भरायला लागतो आणि दोन परके आवाज एकाच कप्प्यात पडतात.

मराठी कानाचेही असेच आहे. चहा आणि चमचा यांतले दोन च आपण एका अक्षराने लिहितो तरी बोलताना-ऐकताना चुकत नाही. नव्याने मराठी शिकणाऱ्याला ते वेगळे काढताना घाम फुटतो. उलट इंग्रजीतला ओठ-दातांचा 'व्ही' आणि ओठ गोल करून म्हटलेला 'डब्ल्यू' आपल्या एका व मध्ये जाऊन बसतात.

हे कप्पे लावायला बाळाला समोर माणूस लागतो. कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषकांना खेळायला, बोलायला बसवले, एकूण बारा वेळा. बाळांनी चिनीतला एक फरक चिनी घरातल्या बाळांइतकाच चांगला शिकला. तेच बोलणे, तेवढाच वेळ, पण टीव्हीवर किंवा नुसत्या आवाजात ऐकवले तर काहीच शिकली नाहीत.

दोन भाषांच्या घरांत आजी-आजोबांना एक काळजी असते: बाळ गोंधळेल का? व्हँकुव्हरमध्ये गर्भारपणात इंग्रजी आणि तागालोग दोन्ही बोलणाऱ्या आयांची नवजात बाळे तपासली गेली (२०१०). त्यांना दोन्ही भाषांची ओढ सारखी होती आणि दोन्ही वेगळ्याही कळत होत्या. बाळंतपण माहेरी, मग वडिलांच्या घरी दुसरी बोली, कामवाल्या मावशींची तिसरी, एवढ्याने बाळाच्या मेंदूची गडबड होत नाही.

ऐकूच येत नसेल तर

वरचे सगळे एका गृहीतावर उभे आहे: कान चालू आहेत. साधारणपणे दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतःच लक्षणीय बहिरेपणा असतो. अशी बाळे हसतात, रडतात, सुरुवातीला हुंकारही देतात, त्यामुळे घरात कोणाला शंका येत नाही. ताट वाजवून पाहण्याची पद्धत फसवी आहे. बाळ हालचाल पाहून किंवा हादऱ्याने दचकू शकते. मूल दीड-दोन वर्षांचे झाले, बोलेना, की धावपळ सुरू होते. तोवर आवाजांचे कप्पे लावण्याचा मोठा काळ निघून गेलेला असतो.

नवजात बाळाची श्रवण तपासणी काही मिनिटांची असते. एका प्रकारात कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवून आतल्या कानाने परत पाठवलेला अगदी क्षीण आवाज मोजतात. याला ओएई म्हणतात. दुसऱ्यात, डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाज मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते पाहतात. हिला बेरा म्हणतात. दोन्ही बाळ झोपलेले असताना होतात, दुखत नाहीत. पाळायचे वेळापत्रक असे: पहिली तपासणी एका महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत, उपचार सहा महिन्यांच्या आत. कमी दिवसांचे बाळ, एनआयसीयूतला मुक्काम, तीव्र कावीळ, मेंदुज्वर, गर्भारपणात आईला रुबेला, घरात बहिरेपणा, जवळच्या नात्यातले लग्न, यांपैकी काही असेल तर ही तपासणी टाळूच नये. नवजात आयसीयूतून आलेल्या बाळांसाठी बेरा आवश्यक मानतात, कारण कान ठीक असून पुढचा रस्ता बिघडल्याचे फक्त ओएईत कळत नाही.

घाई कशासाठी, याचे उत्तर मेंदूकडूनच आले आहे. अमेरिकेत अनू शर्मा आणि सहकाऱ्यांनी कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या जन्मतः बहिऱ्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजला. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत तो काही महिन्यांत वयाप्रमाणे झाला; सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेकांत झाला नाही. मेंदूतली ऐकण्याची जागा रिकामी राहत नाही, तिथे पाहणे आणि स्पर्श वस्तीला येतात. भारतात केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते, आणि बांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे काम पाहते.

खुणांच्या भाषेलाही हेच वेळापत्रक लागू आहे. बहिऱ्या आईवडिलांच्या घरातली बहिरी बाळे, इतर मुले बडबड सुरू करतात त्याच सुमारास, हातांनी निरर्थक पण तालबद्ध खुणा करू लागतात, हे १९९१ साली कॅनडातल्या अभ्यासात नोंदले गेले. मेंदूला लवकर भाषा हवी असते. ती कानातून आली की डोळ्यांतून, यावर तो अडून बसत नाही.

पहिल्या तपासणीत 'रेफर' असा निकाल आला म्हणून लगेच घाबरू नये. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी कानात द्रव किंवा चिकट पदार्थ राहिलेला असतो आणि पुष्कळ बाळे पुन्हा तपासल्यावर पास होतात. अडचण होते ती पुन्हा न नेण्याने. डिस्चार्जच्या गडबडीत तो कागद फाइलमध्ये राहतो, बारसे होते, आणि दुसऱ्या तपासणीची तारीख निघून जाते.